मुंबईत राहून बोलण्यापुरती अरबी शिकायची असेल तर

कुवेतला निघालेली नर्स, अबू धाबीत साईटवर रुजू होणारा इंजिनिअर, कुलाब्याच्या हॉटेलात रिसेप्शनला बसणारी मुलगी, क्रॉफर्ड मार्केटात खजूर विकणारा दुकानदार. मुंबईत अरबी शिकायला निघालेली माणसं साधारण अशी असतात. मी एका खासगी रुग्णालयात परदेशी रुग्णांच्या मदत कक्षात काम करते. ओमान, येमेन, इराककडून आलेली कुटुंबं रोज भेटतात, आणि कामापुरती अरबी मी मुंबईतच शिकले. नव्याने शिकणाऱ्याची सुरुवातीला जी फरपट होते ती बरीचशी टाळता येते. योग्य क्रम कुणी सांगत नाही, एवढीच अडचण आहे. म्हणून तो क्रम इथे देते आहे.

१. आधी माणूस ठरवा, मग अरबी

अरबी एक नाही. वर्तमानपत्रात, बातम्यांत, सरकारी कागदांवर, शाळेच्या पुस्तकात असते ती फ़ुसहा, म्हणजे प्रमाण अरबी. घरात, बाजारात, टॅक्सीत बोलतात ती आम्मिया, म्हणजे बोली. फ़ुसहा कुणाच्याही घरात मातृभाषा म्हणून बोलली जात नाही, ती शाळेत शिकावी लागते. आम्मिया देशागणिक बदलते.

‘काय हवंय?’ एवढंच विचारायचं तर पुस्तकात ‘माज़ा तुरीद?’ असतं. कुवेतचा माणूस ‘शतबी?’ म्हणतो, दुबईचा ‘शू तबा?’, कैरोचा ‘आयज़ एह?’ आणि दमास्कस-बैरूतकडचा ‘शू बिद्दक?’. पुस्तकातल्या वाक्यावरून यातलं एकही ओळखता येत नाही.

बहुतेक ॲप, भाषांतराची साधनं आणि शिकवणी वर्ग फ़ुसहा शिकवतात. ती बोललात तर समोरच्या शिकलेल्या माणसाला कळते, हे खरं. पण तो उत्तर बोलीत देतो आणि ते तुम्हाला कळत नाही. बहुतेकांचा उत्साह इथेच मावळतो.

म्हणून पहिला निर्णय हा: मला कुणाशी बोलायचं आहे? आखातातले देश असतील तर खलीजी, इजिप्त असेल तर मिसरी, सीरिया-लेबनॉन-जॉर्डन-पॅलेस्टाईन असेल तर शामी. मोरोक्को-अल्जीरियाची दारिजा इतकी वेगळी आहे की तिकडेच जायचं नसेल तर सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नये.

देश नक्की नसेल तर काय? इजिप्तच्या सिनेमामुळे मिसरी सगळीकडे समजते, म्हणून ती घ्या असं पुष्कळ जण सांगतात. मुंबईकराला मी खलीजीच सुचवते. या शहरात उपचाराला, खरेदीला आणि पावसाळ्यात खास पाऊस बघायला येणारे अरब पाहुणे मुख्यतः आखाताकडचे, आणि इथून नोकरीला जाणाराही तिकडेच जातो. खाली जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे मी खलीजीच दिली आहे, तीही कुवेतच्या वळणाची. येमेन आणि ओमानच्या बोलींत फरक आहेत, पण या पायावर त्या उचलता येतात.

२. एवढं सामान जमवा

- जाडसर वही. ती उजवीकडून उघडून वापरा, हाताला दिशेची सवय होते.
- अक्षरओळखीची पातळ पुस्तिका, ज्यात प्रत्येक अक्षराची जोडरूपं मोठ्या टायपात असतील. मोहम्मद अली रोडवरच्या पुस्तकांच्या दुकानात ‘कायदा’ म्हणून मागितलीत की मिळते.
- फोनवर अरबी कीबोर्ड, आवाज रेकॉर्ड करायची सोय आणि बरे हेडफोन.
- आठवड्यातून एकदा तरी तुमचा उच्चार ऐकून चूक सांगणारा एक माणूस. वरचं सगळं जमलं आणि हे नसलं तरी काम अडतं. तो कुठे शोधायचा ते पुढे येतंच.

३. घसा आणि जीभ तयार करा

शब्द पाठ करण्याआधी किमान दोन आठवडे फक्त आवाजांना द्या. लोकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण नंतर बसलेली चुकीची सवय मोडायला महिने जातात.

ह दोन आहेत. एक आपलाच. दुसरा खालून, घशातून येणारा: चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर जो ‘हा’ सोडतो तो जरा जोरात सोडून बघा.

ख़ म्हणजे आपला ‘ख’ नव्हे. घसा खाकरताना जी घासण होते ती त्यात हवी. ग़ त्याच जागी, पण आवाजासकट, म्हणजे पाण्याशिवाय गुळणी.

क़ाफ़ या अक्षरासाठी जिभेचं मूळ पडजिभेपाशी न्यावं लागतं. पुस्तकी उच्चारात ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि साध्या क चा ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. हृदयरोगाच्या विभागात काम करणाऱ्यांनी हे आधी घटवावं. खलीजीत या क़ाफ़चा बहुधा ‘ग’ होतो, त्यामुळे तिथे ‘गल्ब’ ऐकू येईल आणि कॉफी ‘गहवा’ होईल. कैरोत तोच क़ाफ़ गिळला जातो आणि कॉफी ‘अहवा’ होते.

‘ऐन’ नावाचं अक्षर सगळ्यांत अवघड. ‘आ’ म्हणत असताना घसा आतून आवळायचा. गळ्यावर दोन बोटं ठेवा, आवळलेलं कळतं. वहीत देवनागरीतून टिपताना मी ऐनच्या ‘अ’ला गोल करते, नाहीतर तो साध्या ‘अ’त हरवतो.

शिवाय स, त, द यांची जड भावंडं आहेत. ती उच्चारताना जिभेचा मागचा भाग वर ओढला जातो आणि शेजारचा ‘आ’ जवळजवळ ‘ऑ’ होतो. साध्या त चं ‘तीन’ म्हणजे अंजीर आणि जड त चं ‘तीन’ म्हणजे चिखल.

‘प’ अरबीत नाही. पार्किंगचं ‘बार्किंग’ ऐकू आलं तर बिचकू नका.

उर्दू येणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. लिपी तुम्हाला पटकन येईल, पण उर्दूत ज़ चे चार-चार वेगळे अक्षर एकाच उच्चाराने वाचले जातात. पुस्तकी अरबीत ते चार वेगळे आवाज आहेत. उच्चार कोऱ्या पाटीवरून शिका.

या टप्प्यासाठी शहरातली सगळ्यांत चांगली माणसं म्हणजे कुराणपठण शिकवणारे कारी. प्रत्येक अक्षर तोंडात कुठून निघतं याचं शास्त्र, म्हणजे तज्वीद, हेच त्यांचं काम. भेंडीबाजार, कुर्ला, मुंब्रा, मीरा रोड, कुठेही चौकशी करा. रोजचं बोलणं ते शिकवणार नाहीत, पण आवाज असे घासून घेतील की पुढे कुणी नाव ठेवणार नाही. आदराने विचारलंत आणि हेतू सांगितलात तर धर्माचा प्रश्न आड येत नाही, असा माझा अनुभव आहे.

४. लिपीला टाळू नका

‘मला फक्त बोलायचंय, लिपी कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर असं की देवनागरीत लिहिलेली अरबी दोन्ही ह एक करते, साधा आणि जड त एक करते आणि ऐन पुसून टाकते. डोळ्यांना फरक दिसला नाही तर जिभेलाही तो जड जातो. रोज अर्धा तास दिलात तर तीन-चार आठवड्यांत लिपी वाचता येते.

अक्षरं २८ आहेत, पण मूळ आकार त्याहून बरेच कमी. ब, त आणि पुस्तकी ‘थ’ हे तिघे एकाच उथळ वाटीचे: खाली एक ठिपका तर ब, वर दोन तर त, वर तीन तर थ. ज, घशातला ह आणि ख़ हे एकाच हुकासारख्या आकाराचे: पोटात ठिपका, बिनठिपक्याचा, डोक्यावर ठिपका. अशा कुटुंबांनी शिका, वर्णक्रमाने नको. सहा अक्षरं पुढच्या अक्षराला हात देत नाहीत: अलिफ़, दाल, ज़ाल, रा, ज़ाय, वाव. त्यांच्यापाशी शब्द तुटल्यासारखा दिसतो, पण तो तुटलेला नसतो.

सराव कुठे करायचा? आखातातून आलेला खजुराचा खोका घ्या. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘तमर’ असतं, म्हणजे खजूर. उजवीकडून पहिला दात, वर दोन ठिपके: ता. मग छोटी गाठ: मीम. मग ओळीखाली उतरलेली वळणदार रेघ: रा. तीन अक्षरं, स्वर एकही नाही, कारण ऱ्हस्व स्वरांच्या खुणा रोजच्या छपाईत देतच नाहीत. तोच खोका उलटा करा. बारीक अक्षरांत ‘तारीख’ आणि ‘अल-वज़न अस-साफ़ी’ सापडेल, म्हणजे निव्वळ वजन. तारीख, वजन, साफ, सगळे आपल्याच घरातले शब्द. आणि इथेच एक नियमही दिसतो. लिहिताना ‘अल-साफ़ी’ लिहितात, वाचताना ल पुढच्या स मध्ये मिसळून ‘अस-साफ़ी’ होतं. असं करणारी अक्षरं १४ आहेत, त्यांना शम्सी म्हणजे सूर्य-अक्षरं म्हणतात.

५. सलामपासून निरोपापर्यंतची देवघेव आधी

व्याकरणाआधी हे घ्या, कारण अरबांमध्ये कामाची गोष्ट ख्यालीखुशालीनंतर सुरू होते. थेट ‘पासपोर्ट द्या’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं.

‘अस्सलामु अलैकुम’ – ‘व अलैकुम अस्सलाम’. मग पुरुषाला ‘शलोनक?’, बाईला ‘शलोनिच?’, म्हणजे कसे आहात. हा शेवटचा ‘-इच’ कुवेत-अमिरातीकडचा. उत्तर: ‘ज़ेन, अल-हम्दुलिल्लाह’. विनंती करताना पुरुषाला ‘लौ समह्त’, बाईला ‘लौ समह्ती’. ‘शुक्रन’ला उत्तर ‘अफ़वन’. दार उघडून आत घेताना, खुर्ची देताना, चहा पुढे करताना ‘तफ़द्दल’, बाईला ‘तफ़द्दली’.

आजारी माणसाला ‘सलामतक’ म्हणावं, बाईला ‘सलामतिच’. त्याहून आपुलकीचं म्हणजे ‘मा तशूफ शर्र’, बाईला ‘मा तशूफीन शर्र’, तुमच्या वाट्याला वाईट न येवो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरून बसलेल्या आजीला नर्सने हे एक वाक्य म्हटलं की आजीचा चेहरा बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. ती लगेच उत्तर देते: ‘अश-शर्र मा यजीच’, वाईट तुझ्याकडे न येवो. काम करत असलेल्या माणसाला, मग तो लिफ्टमन असो की सर्जन, ‘अल्लाह यअतीक अल-आफ़िया’ म्हणतात, म्हणजे देव तुला बळ देवो.

‘इन शा अल्लाह’, ‘अल-हम्दुलिल्लाह’ हे मुसलमान नसलेल्यांनी म्हणावं का, असं मला पुष्कळदा विचारतात. म्हणावं. इजिप्त-लेबनॉनचे ख्रिस्ती अरबही दिवसभर हेच बोलतात. फक्त ‘इन शा अल्लाह’ टाळाटाळीसाठी वापरू नका. रिपोर्ट संध्याकाळी येणार नसेल तर तसं सरळ सांगा.

हाक मारताना नुसतं नाव टाळा. थोरल्या मुलाच्या नावावरून ‘अबू ख़ालिद’, ‘उम्म ख़ालिद’ ही मानाची हाक आहे. ओळख नसेल तर वयस्क बाईला ‘ख़ाला’ चालतं. आपण ‘मावशी’ म्हणतो तोच भाव. पुरुषाला पत्नीबद्दल थेट विचारू नका, ‘शलोन अल-अह्ल?’, घरची मंडळी कशी आहेत, एवढं पुरे. कॉफीचा छोटा पेला उजव्या हाताने घ्या आणि पुरे झालं की तो किंचित हलवून परत द्या, नाहीतर भरतच राहतात.

६. पाच साचे पक्के करा

- अबी – मला हवं. ‘अबी माय’, पाणी हवं. ‘मा अबी’, नको. पुरुषाला ‘तबी?’, बाईला ‘तबीन?’.
- फ़ी / मा फ़ी – आहे / नाही. ‘फ़ी माय?’ कुवेत-इराककडे ‘अकू’ आणि ‘माकू’.
- इन्दी – माझ्याकडे आहे. तुमच्याकडे म्हणायला पुरुषाला ‘इन्दक’, बाईला ‘इन्दिच’. ‘मा इन्दी’, माझ्याकडे नाही.
- वेन – कुठे. ‘वेन यअव्वरक?’, कुठे दुखतंय?
- लाज़िम – केलंच पाहिजे. ‘लाज़िम तशरब माय’, पाणी प्यायलाच हवं. बाईला ‘तशरबीन’.

‘आहे’ हे क्रियापद वर्तमानकाळात लागतच नाही: ‘अना मरीज़’, मी आजारी. क्रियापदातून बाई-पुरुष कळणं आपल्याला नवं नाही, ‘गेलास’ आणि ‘गेलीस’ आपण लहानपणापासून वापरतो. विशेषण मात्र नामानंतर येतं.

ओळखीच्या शब्दांचा साठा मराठीत आधीच आहे. वकील, हिशोब, साबण, कुलूप, हमाल, दुकान हे सगळे थोड्या फरकाने तिकडचे. हॉटेलात ‘अल-हिसाब, लौ समह्त’ म्हटलं की बिल येतं. उलट दिशेनेही शब्द गेले आहेत. १९६० च्या दशकापर्यंत आखातातल्या कित्येक बाजारांत भारतीय रुपया चालत असे, त्या ये-जा मुळे खलीजीत सरळ जा म्हणायला ‘सीदा’, पंख्याला ‘बंका’ आणि दाट चहाला ‘करक’ म्हणतात.

पण फसवे शब्द वेगळे लिहून ठेवा. ‘ग़रीब’ म्हणजे विचित्र किंवा परका. ‘रक़म’ म्हणजे नंबर. ‘तकरार’ म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. ‘फ़ुरसा’ म्हणजे संधी. आणि रुग्ण ‘ज़हरी’ म्हणाला तर विषाचा काही संबंध नाही, तो ‘माझी पाठ’ म्हणतोय.

७. आकडे आणि द्विवचन

आकडे मोजायला सोपे आहेत, कारण मराठीसारखेच एकक आधी: ‘ख़म्सा व सबईन’, पाच आणि सत्तर. खरी मेख दोनात आहे. दोनसाठी वेगळा शब्द न लावता शब्दाचंच रूप बदलतं: योम एक दिवस, योमेन दोन दिवस; हब्बा एक गोळी, हब्बतेन दोन. ‘हब्बा मर्रतेन फ़िल-योम’, एक गोळी दिवसातून दोनदा. हा ‘-एन’ ऐकू आला नाही तर डोस चुकतो. तीन ते दहापर्यंत अनेकवचन येतं, अकरापासून पुन्हा एकवचन.

छापील आकडेही वेगळे आहेत. त्यांचा पाच गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळे पन्नास हे आपल्याला शून्य आणि टिंब दिसतं. सहा इंग्रजी सातसारखा. आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच वाचायचे. औषधाच्या चिठ्ठीवर शंका आली तर तोंडी विचारून खात्री करा.

८. कामगारांची अरबी: ऐका, पण तिथेच थांबू नका

आखातात वर्षं काढलेले लोक बोलतात ती अरबी तुमच्या कानावर आधी पडेल. ‘अना मा फ़ी मालूम’, मला माहीत नाही. नीट खलीजीत हे ‘मा अदरी’ एवढंच असतं. केरळी, बंगाली, फिलिपिनो, मराठी, अरब अशा सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ही मिश्र भाषा घडली. तीत क्रियापदाचं रूप बदलत नाही, बाई-पुरुष भेद नाही, आणि ‘फ़ी’ कुठेही बसतं. मुंबईची हिंदी अशीच घडली, तिला हसण्यासारखं काही नाही. ही भाषा कष्टकऱ्यांनी परमुलखात तग धरण्यासाठी घडवली आहे.

अडचण दुसरी आहे. तुम्ही ही बोललात की अरब माणूसही लगेच तशीच बोलू लागतो, आणि खरी बोली तुमच्या कानावर पडणं बंद होतं. मग दहा वर्षं राहूनही माणूस तिथेच राहतो. शिवाय रुग्णालयात किंवा ऑफिसात तुमच्याकडे त्याच ठरावीक नजरेने बघितलं जातं. म्हणून शब्द त्यांच्याकडून घ्या, वाक्याची घडण अरबांकडून.

९. मुंबईत कान आणि माणसं

ऐकण्यासाठी बातम्या निवडू नका, त्या फ़ुसहात असतात. कुवेती कौटुंबिक मालिका, स्वयंपाकाचे व्हिडिओ, गप्पांचे कार्यक्रम घ्या. एकच दोन मिनिटांचा तुकडा आठवडाभर ऐका आणि त्याच्या पाठोपाठ पुटपुटा. लोकलमध्ये हे उत्तम होतं, हेडफोन लावून पुटपुटणाऱ्याकडे कुणी बघत नाही. शनिवारी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ तुकड्याशी ताडून बघा.

अरब तरुण चॅटमध्ये पुष्कळदा रोमन अक्षरांत लिहितात आणि मध्येच आकडे घालतात. इंग्रजी तीन म्हणजे ऐन, सात म्हणजे घशातला ह, दोन म्हणजे हम्ज़ा, घशात क्षणभर अडणारा आवाज. ते टायपिंगची चूक नव्हे.

बोलायला माणसं हवीत तर कोकणाकडे वळा. रत्नागिरी, महाड, श्रीवर्धनकडची आणि आता मुंब्र्यात स्थायिक झालेली कितीतरी कुटुंबं आखातात राहून आलेली आहेत. त्यातले जे दुकानात, ऑफिसात, अरब घरांत वावरले त्यांची बोली अस्सल असते, आणि अडलं तर मराठीतून समजावतात. पुण्यात येमेन-इराकचे विद्यार्थी शिकायला असतात. त्यांना मराठी-इंग्रजी शिकवायची आणि त्यांच्याकडून अरबी घ्यायची, असा सौदा जमतो. आजारी माणसाच्या नातेवाइकांवर मात्र सराव करू नका. ते काळजीत असतात. त्यांनी स्वतःहून गप्पा सुरू केल्या तर गोष्ट वेगळी.

१०. वर्ग लावण्याआधी

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात अरबी विभाग आहे. लिपी, व्याकरण, फ़ुसहा पद्धतशीर शिकायची असेल तर तिथे चौकशी करा. बोलीत पाय रोवल्यावर, साधारण वर्षभराने, फ़ुसहा घेतलीत तर ती झपाट्याने समजते आणि कागदपत्रं वाचता येतात.

खासगी वर्गाची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. कोणती बोली शिकवणार? हे उत्तर ‘सगळी अरबी सारखीच’ असं आलं तर परत फिरा. शिकवणारे अरब देशात किंवा अरब माणसांत किती वावरले आहेत? आणि पहिल्या महिन्यात विद्यार्थी बोलतो किती, लिहितो किती? ‘तीस दिवसांत अस्खलित’ अशी जाहिरात करणाऱ्यांना पैसे देऊ नका. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना कामकाजाच्या दर्जाची अरबी यायला २२०० तासांची शिकवणी धरते. तुम्हाला तेवढी नको आहे. ख्यालीखुशाली, रस्ता, बाजार, दुखणंखुपणं एवढ्यासाठी रोज तासभर दिलात तर सहा-आठ महिन्यांत तुटकं का होईना, बोलता येतं. फी एकदम वर्षाची मागत असतील तर महिन्याची भरा, आणि त्याआधी चालू वर्गात एक तास मागे बसून ऐकू द्या म्हणून विनंती करा.